फोर्थ मराठीतून: गुंठे-एकराचा हिशेब करता करता शिकायची एक छोटी भाषा

    2 एकर 15 गुंठे + .

ही ओळ मराठी वाक्याचा तुकडा वाटते, पण ती प्रोग्रॅममधली आहे. ती टंकून एंटर दाबले की पडद्यावर 103455 हा आकडा उमटतो, म्हणजे तेवढ्या जमिनीचे चौरस फूट. हे घडवून आणणारा प्रोग्रॅम दोन ओळींचा आहे आणि त्याची भाषा आहे फोर्थ. ही भाषा इतकी लहान आहे की एखादा हौशी माणूस ती आतून-बाहेरून, कंपायलरसकट (म्हणजे लिहिलेले शब्द यंत्राला चालवता येतील अशा रूपात आणणाऱ्या भागासकट), समजून घेऊ शकतो. आजच्या बहुतेक भाषांबद्दल असे म्हणता येणार नाही. मराठी वाचकाला तिच्यात आणखी एक सोय आहे, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही: फोर्थचा पदक्रम मराठीसारखाच आहे. आपण ‘कांदा चीर’ म्हणतो, आधी वस्तू आणि मग क्रिया. फोर्थमध्येही आधी आकडे येतात आणि त्यांचे काय करायचे ते शेवटी. इंग्रजी वळणाच्या भाषांतून आलेल्यांना हा क्रम उलटा वाटतो आणि त्याची सवय व्हायला वेळ लागतो. मराठी माणसाला खरे तर तो सरळच वाटायला हवा.

चार्ल्स मूर या अमेरिकन प्रोग्रॅमरने ही भाषा १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या कामासाठी तयार केली. तिला ‘चौथ्या पिढीची’ म्हणून ‘फोर्थ’ म्हणायचे होते, पण त्याच्या आयबीएम ११३० या यंत्रावर फाइलच्या नावाला पाचच अक्षरे चालत, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधले यू हे अक्षर गळाले ते कायमचेच. पुढे किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रणासाठी ती वापरली गेली. सन कंपनीच्या वर्कस्टेशनमध्ये आणि पॉवरपीसी चिपच्या मॅकिंटॉशमध्ये यंत्र सुरू करणारे ओपन फर्मवेअर फोर्थवरच उभे होते. २०१४ साली धूमकेतूवर उतरलेल्या फिले या यानात आरटीएक्स २०१० हा, फोर्थच्या पद्धतीने चालणारा प्रोसेसर होता. इतिहास एवढा पुरे.

तयारी

आपण जीफोर्थ वापरणार आहोत. ते ग्नू प्रकल्पातले मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज व्यवस्थापकातून ‘जीफोर्थ’ या नावाचे पॅकेज बसवले की काम झाले. टर्मिनलमध्ये तेच नाव रोमन अक्षरांत टंकले की ते सुरू होते, आणि बाहेर पडण्यासाठी ‘बाय’ हा शब्द बी, वाय, ई असा टंकावा लागतो. सुरू झाल्यावर ते कोणतीही खिडकी उघडत नाही की मेनू दाखवत नाही. फक्त वाट पाहत बसते. आता हे टंकावे:

    2 3 + .

उत्तरादाखल 5 आणि त्यापुढे ‘ओके’ दिसेल. शेवटचे टिंब हे पूर्णविराम नसून ‘छाप’ असा अर्थ असलेला शब्द आहे. फोर्थमध्ये मोकळ्या जागेने वेगळा झालेला प्रत्येक अक्षरगट हा शब्द असतो, मग तो टिंब असो, अधिकचे चिन्ह असो की कंस. म्हणून दोन शब्दांमधली जागा कधीही गाळू नये. सुरुवातीच्या चुकांपैकी निम्म्या इथेच होतात.

या लेखातल्या कोडमधले आकडे मुद्दाम इंग्रजी वळणाचे ठेवले आहेत, कारण जीफोर्थला देवनागरी आकडे आकडे म्हणून ओळखता येत नाहीत. मात्र त्याला देवनागरी नावे चालतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतली कोणतीही अक्षरे त्याच्या दृष्टीने नुसते बाइट असतात, आणि मधे मोकळी जागा नसली की त्याला नाव म्हणून काहीही चालते.

चवड

फोर्थ आकडे एकावर एक रचून ठेवते. पुस्तकी मराठीत याला स्टॅक म्हणतात, पण आपल्याकडे भाकऱ्यांची असते, नाण्यांची असते, ती चवडच ही. आकडा टंकला की तो चवडीवर जातो. अधिकचे चिन्ह आले की वरचे दोन आकडे उचलून त्यांची बेरीज परत वर ठेवली जाते. टिंब सर्वांत वरचा आकडा उचलून छापते. चवड रिकामी असताना टिंब टंकले तर जीफोर्थ चवड संपल्याची तक्रार करते आणि पुन्हा वाट पाहत बसते. काही बिघडत नाही. तशी तक्रार मुद्दाम दोन-चारदा करवून घ्यावी, म्हणजे पुढे खरी चूक झाल्यावर धडकी भरत नाही.

फोर्थमधली चवड हाताळणाऱ्या शब्दांना रोमन नावे आहेत. ती एकदाच टंकून त्यांना मराठी नावे देऊ या. साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये एक नवी फाइल उघडून तीत या पाच ओळी लिहाव्यात. प्रत्येक ओळीत अर्धविरामाच्या आधीचा शेवटचा शब्द मात्र रोमन लिपीत टंकावा. ‘डुप’ म्हणजे डी, यू, पी, ‘ड्रॉप’ म्हणजे डी, आर, ओ, पी, ‘स्वॅप’ म्हणजे एस, डब्ल्यू, ए, पी, ‘/मॉड’ म्हणजे तिरपी रेघ आणि तिला चिकटून एम, ओ, डी, आणि ‘.एस’ म्हणजे टिंबाला चिकटून एस.

    : प्रत डुप ;
    : टाक ड्रॉप ;
    : अदलाबदल स्वॅप ;
    : बाकी-भाग /मॉड ;
    : चवड .एस ;

विसर्गासारखे दिसणारे ते चिन्ह म्हणजे कोलन. ‘आता नवा शब्द सांगतो’ असा त्याचा अर्थ. त्यानंतर शब्दाचे नाव, मग त्याचा अर्थ सांगणारे शब्द, आणि शेवटी अर्धविराम. विसर्गाची कळ चुकून वापरली जाणार नाही याची काळजी घ्यावी. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी असतात आणि मराठी कीबोर्ड चालू असताना बोट हमखास चुकते.

टर्मिनलमध्ये जीफोर्थच्या नावापुढे या फाइलचे नाव दिले की वरचे सगळे शब्द शिकूनच ते सुरू होते. मग हे करून पाहावे:

    10 3 चवड

उत्तर ‘<2> 10 3’ असे येते: चवडीवर दोन आकडे आहेत आणि सर्वांत वरचा उजवीकडे आहे. ‘चवड’ हा शब्द काहीही उचलत नाही, नुसते दाखवतो. यापुढे ‘-’ आणि ‘.’ दिले तर 7 छापले जाईल, आणि त्याआधी ‘अदलाबदल’ केली असती तर -7. ‘प्रत’ वरच्या आकड्याची नक्कल करून तिच्यावर ठेवते आणि ‘टाक’ वरचा आकडा फेकून देते. ‘बाकी-भाग’ भागाकार करून आधी बाकी आणि तिच्यावर भागाकार ठेवते, म्हणूनच नावातही बाकी आधी घेतली आहे. नाव ठेवताना हा क्रम पाळला की पुढे डोक्याला ताप होत नाही.

दोन ओळींचा प्रोग्रॅम

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. फाइलमध्ये आता पुढच्या ओळींची भर घालावी:

    : गुंठे ( गुंठे -- चौफू ) 1089 * ;
    : एकर ( एकर -- चौफू ) 40 * गुंठे ;

कंसातला मजकूर यंत्रासाठी नसून माणसासाठी आहे. दोन आडव्या रेघांच्या डावीकडे चवडीवर आधी काय हवे ते आणि उजवीकडे नंतर काय उरेल ते. उघडणारा कंसही एक शब्दच असल्याने त्यानंतर जागा सोडावी लागते. ही टिप्पणी लिहायचा कंटाळा पुष्कळजण करतात आणि महिन्याभराने स्वतःचाच कोड त्यांना परका होतो. फोर्थमध्ये आकड्यांना नावे नसतात, त्यामुळे कोणता आकडा कुठून आला हे सांगणारी ही एकच खूण असते. ती पहिल्या दिवसापासून लिहावी.

आता लेखाच्या सुरुवातीची ओळ चालते. तिचे एकेक पाऊल पाहू. 2 चवडीवर जातो. ‘एकर’ त्याला 40 ने गुणून ‘गुंठे’ला देतो आणि वर 87120 राहतात. 15 त्यावर जातो, ‘गुंठे’ त्याचे 16335 करतो. अधिकचे चिन्ह दोन्ही उचलून 103455 ठेवते आणि टिंब ते छापते. ‘एकर’ हा शब्द त्याच्या आधीच्या आकड्याला लागतो, जसा तो बोलण्यात लागतो. आपण काही वेगळी व्याकरणव्यवस्था रचली नाही. भाषेचा मूळ स्वभावच तसा आहे.

आत काय चालते

फोर्थ समजून घेण्याचा सर्वांत मोलाचा भाग हा आहे आणि तो अगदी थोडक्यात मावतो. फोर्थपाशी एक शब्दकोश असतो. ते टंकलेल्या ओळीतून पुढच्या मोकळ्या जागेपर्यंतचा शब्द उचलते आणि शब्दकोशात सर्वांत नव्या नोंदीपासून मागे मागे शोधत जाते. सापडला तर तो चालवते. नाही सापडला तर तो आकडा आहे का ते पाहते, आणि आकडाही नसेल तर तक्रार करते. कोलन आला की ते लिहून घेण्याच्या स्थितीत जाते, म्हणजे सापडलेला शब्द तत्काळ न चालवता नव्या नोंदीत त्याची खूण टाकते; अर्धविराम आला की पुन्हा चालवण्याच्या स्थितीत परत येते. एवढेच. वाक्यरचना उलगडणारा वेगळा पार्सर नाही, राखीव शब्दांची यादी नाही.

यातून एक गोष्ट निघते, जी चकवते. उद्या ‘गुंठे’ची व्याख्या बदलून पुन्हा लिहिली तरी ‘एकर’ जुन्याच ‘गुंठे’ला धरून राहतो, कारण त्याच्या नोंदीत जुन्या जागेची खूण पडलेली असते. नवी व्याख्या फक्त त्यानंतर लिहिलेल्या शब्दांना दिसते. म्हणून टर्मिनलमध्ये तुकड्यातुकड्याने दुरुस्ती करत बसू नये. फाइलमध्ये दुरुस्ती करावी आणि जीफोर्थ बंद करून पुन्हा सुरू करावे.

फाइल वापरण्याचे आणखी एक कारण आहे. काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे असली की टर्मिनलमध्ये कर्सर भलत्याच जागी दिसतो आणि मागे जाऊन दुरुस्त करणे त्रासाचे होते.

देवनागरीचा एक गुप्त काटा माझ्या पायात रुतला होता, तो इथेच सांगतो. ‘पायऱ्या’ असा एक शब्द मी फाइलमध्ये लिहिला होता आणि तो टर्मिनलमधून वापरायला गेलो की जीफोर्थ त्या शब्दाभोवती बाणांची चिन्हे लावून ‘असा शब्द नाही’ म्हणत होते. दोन्हीकडे तंतोतंत तोच शब्द दिसत होता. जवळजवळ अख्खी संध्याकाळ गेल्यावर लक्षात आले की ‘ऱ्य’ हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते: ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. लॅपटॉपच्या कीबोर्डाने एक प्रकार लिहिला होता आणि मोबाइलवरून पाठवलेल्या मजकुरात दुसरा होता. डोळ्यांना एकच शब्द, बाइटना दोन. तेव्हापासून नावांमध्ये मी हे जोडाक्षर टाळतो. कुठूनतरी चिकटवलेल्या मजकुरातली न तुटणारी मोकळी जागाही अशीच फसवते, कारण जीफोर्थ तिला जागा मानतच नाही.

असेल-तर

आता उलटा प्रवास: चौरस फुटांवरून एकर आणि गुंठे. पहिला प्रयत्न असा.

    : क्षेत्र ( चौफू -- )
      1089 / 40 बाकी-भाग
      . ." एकर " . ." गुंठे" ;

टिंब आणि अवतरणचिन्ह मिळून एक शब्द होतो. त्यानंतर एक जागा सोडून लिहिलेले सगळे, पुढच्या अवतरणचिन्हापर्यंत, जसेच्या तसे छापले जाते. ‘103455 क्षेत्र’ दिले की ‘2 एकर 15 गुंठे’ मिळते. पण बरोबर दोन एकर जमीन असेल तर ‘2 एकर 0 गुंठे’ येते आणि ते वाचायला बरे वाटत नाही. इथे अट घालावी लागेल.

फोर्थमधल्या अटीच्या शब्दांची इंग्रजी नावे इफ, एल्स आणि देन अशी आहेत, आणि त्यातला ‘देन’ अटीच्या अखेरीस येतो. इंग्रजी बोलणारे गेली पन्नास वर्षे त्यावर कपाळाला आठ्या घालत आले आहेत. आपल्याला ती अडचण घ्यायची गरज नाही. मात्र इथे साधे टोपणनाव चालत नाही. ‘इफ’ हा लिहून घेण्याच्या स्थितीतही तत्काळ चालणारा शब्द आहे, त्यामुळे तो आपल्या व्याख्येतच चालून जाईल. त्याला ‘आत्ता नको, हा नवा शब्द वापरला जाईल तेव्हा चाल’ असे सांगावे लागते. त्यासाठी पोस्टपोन हा शब्द. आणि आपला नवा शब्दही तत्काळ चालणारा व्हावा म्हणून अर्धविरामानंतर इमीजिएट. पोस्टपोन, इफ, एल्स, देन आणि इमीजिएट हे पाचही रोमन लिपीत, नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे टंकावेत.

    : असेल-तर पोस्टपोन इफ ; इमीजिएट
    : नाहीतर पोस्टपोन एल्स ; इमीजिएट
    : इति पोस्टपोन देन ; इमीजिएट

या तीन ओळी लिहिल्या म्हणजे आपण कंपायलरमध्ये भर घातली, आणि तीही त्याच भाषेतून. फोर्थवर जीव जडतो तो अशा जागी. आता ‘क्षेत्र’ पुन्हा लिहावे:

    : क्षेत्र ( चौफू -- )
      1089 / 40 बाकी-भाग
      . ." एकर "
      प्रत असेल-तर . ." गुंठे" नाहीतर टाक इति ;

अट तपासायचा आकडा आधी येतो आणि ‘असेल-तर’ नंतर, जसे ‘पाऊस असेल तर’ म्हणताना होते. शून्य म्हणजे नाही, बाकी काहीही म्हणजे आहे. ‘असेल-तर’ वरचा आकडा उचलून घेतो, आणि तो छापायलाही हवा असल्याने आधी ‘प्रत’ काढली आहे.

‘नाहीतर टाक’ हा तुकडा फालतू वाटतो आणि नवशिक्या माणसाकडून तोच राहून जातो. तो काढून पाहावा: ‘2 एकर क्षेत्र’ दिल्यावर पडद्यावर उत्तर बरोबरच दिसते, पण नंतर ‘चवड’ विचारली की ‘<1> 0’ येते. वापरला न गेलेला शून्य तिथे पडून आहे. असे दहा वेळा केले की दहा शून्ये साचतात आणि एखाद्या भलत्याच बेरजेत मिसळतात. फोर्थ याबद्दल चकार शब्द काढत नाही. ते आकड्यांचे प्रकार तपासत नाही, चवड सारखी राहिली का ते पाहत नाही. म्हणून नवा शब्द लिहिला की तो एकदा चालवून लगेच ‘चवड’ टंकायची, आणि ‘<0>’ दिसल्याशिवाय पुढे जायचे नाही. याच मोकळेपणामुळे मोठ्या, अनेकांनी मिळून लिहायच्या कामासाठी, किंवा मजकुराची आणि वेबची कामे असतील तिथे, मी फोर्थ सुचवणार नाही.

दशांशाशिवाय दशांश

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर या एककांत असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०७६.३९ चौरस फूट. इथे अपूर्णांक आला. फोर्थमध्ये दशांश आकड्यांची सोय आहे, पण जुन्या फोर्थकारांची रीत वेगळी: आधी मोठ्या पूर्णांकाने गुणायचे आणि मग भागायचे. त्यासाठी गुणाकार आणि भागाकाराची चिन्हे जोडून झालेला एक शब्द आहे.

    : आर ( आर -- चौफू ) 107639 100 */ ;
    : हेक्टर ( हेक्टर -- चौफू ) 100 * आर ;

हा शब्द मधला गुणाकार दुप्पट रुंदीच्या जागेत करतो, म्हणून तो मोठा झाला तरी सांडत नाही. ६४ बिटच्या लॅपटॉपवर याची मातब्बरी कळत नाही. अर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डावर चालणाऱ्या फ्लॅशफोर्थ या फोर्थवर कळते, कारण तिथे आकडे १६ बिटचे असतात आणि साधे ‘1 एकर .’ विचारले तर -21976 असे उत्तर येते. ४३,५६० हा आकडा त्या जागेत मावत नाही. आपला 107639 तर तिथे सरळ लिहिताही येणार नाही. अशा यंत्रावर चौरस फूट सोडून गुंठा हेच मूळ एकक धरावे.

लॅपटॉपवर मात्र आता हे चालते:

    1 हेक्टर 20 आर + क्षेत्र

उत्तर येते ‘2 एकर 38 गुंठे’. ते चूक नाही, पण पुरते बरोबरही नाही. एकूण 129166 चौरस फुटांतून 118 गुंठ्यांचे 128502 वजा केले तर 664 उरतात, आणि ते आपल्या ‘क्षेत्र’मधल्या पहिल्याच भागाकाराने गिळून टाकले आहेत. गावाकडच्या बांधावर एवढ्यावरून भावाभावांत अबोला होतो, आणि पुण्यात एवढ्यात एक संसार मावतो. दुरुस्ती सोपी आहे: भागाकाराच्या चिन्हाऐवजी तिथेही ‘बाकी-भाग’ वापरावा. मग चवडीवर खालून वर चौरस फूट, गुंठे आणि एकर अशी रास होते, आणि वरून एकेक उचलत गेले की आपोआप बोलण्याच्याच क्रमाने छापले जाते.

    : क्षेत्र ( चौफू -- )
      1089 बाकी-भाग 40 बाकी-भाग
      . ." एकर "
      प्रत असेल-तर . ." गुंठे " नाहीतर टाक इति
      प्रत असेल-तर . ." चौरस फूट" नाहीतर टाक इति ;

फाइल साठवून जीफोर्थ पुन्हा सुरू करावे आणि तीच ओळ द्यावी. ‘2 एकर 38 गुंठे 664 चौरस फूट’ दिसेल. त्यानंतर, सवयीप्रमाणे, ‘चवड’.